जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र: जुळवून घेण्याचा खर्च कुणाच्या नावावर?

प्रति,
मा. अध्यक्ष, सदस्य सचिव आणि सर्व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, धुळे
(आणि शेजारच्या जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांच्या समित्याही)

विषय: बदलत्या हवामानाला तोंड देताना कोरडवाहू घरांवर पडणारा खर्च जिल्हा वार्षिक योजनेत धरण्याबाबत.

महोदय,

मी शिंदखेडा तालुक्यातली शेतकरी. सात एकर जमीन, विहीर आहे पण तिचं पाणी दिवाळीच्या पुढे जात नाही, म्हणून कोरडवाहूच म्हणा. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, आमचे हे सुरतेला लूमवर (यंत्रमागावर), शेत मी करते. गावात बचत गट आहे, त्याची वही माझ्याकडे असते. त्यामुळे कुणाच्या घरात कोणत्या महिन्यात पैशाची ओढ पडते, हे मला तुमच्या कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा बरं माहीत आहे. शेखी मिरवत नाही, कर्जाच्या नोंदी मीच लिहिते.

तुमच्या बैठकांच्या बातम्या वाचते. हल्ली त्यात एक वाक्य हमखास असतं: शेतकऱ्यांनी बदलत्या हवामानाशी जुळवून घेतलं पाहिजे. साहेब, ते घेऊन झालं. कुणी बैल विकून घेतलं, कुणी सोनं तारण ठेवून, कुणी पोराला अकरावीतून काढून सुरतेच्या उधन्याला कामाला पाठवून. आता एवढंच विचारायचं आहे की हा खर्च अजून किती वर्षं एकेका घराने एकट्याने भरायचा, आणि तुमच्या आराखड्यात त्याचा रकाना कुठे आहे.

कमी पाऊस आम्हाला नवा नाही. आमच्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पूर्वीही तेवढाच पडायचा. बदललं ते त्याचं येणं-जाणं. वर्षअखेर बेरीज केली तर सरासरी गाठलेली दिसते. शेतात बघावं तर जुलै-ऑगस्टात वीस-बावीस दिवस टिपूस नाही आणि सप्टेंबरात एका रात्रीत बांध फुटलेला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावकरांना तो अभ्यास वाचायची गरज नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेर तितूर आणि डोंगरी नद्या त्यांच्या बाजारपेठेत शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. आणि दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, राज्याने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात तेच चाळीसगाव. त्याच यादीत आमचा शिंदखेडा आणि तिकडे नंदुरबार. तीन जिल्ह्यांतून एकेक.

२०२५ मध्ये तर मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत. इतक्या लवकर तो मुंबईत कधी आला नव्हता. इकडेही मेमध्येच ढग गळायला लागले. कृषी विभाग सांगत होता, घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला चुकीचा नव्हता. पण सल्ला पाळायलाही घरात काहीतरी असावं लागतं. ते काय असावं लागतं, ते जरा सविस्तर सांगते, कारण हे मी तुमच्या कुठल्याच कागदात पाहिलेलं नाही.

आमच्या काळ्या जमिनीत पूर्वी दादर असायची. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. पावसाळा सरताना पेरायची, पाणी द्यायचं नाही, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर ती येते. भाकरी गोड, आणि कडबा माणसाच्या डोक्याच्या वर. खरिपात उडीद-मूग, बाजरी. घरात कळण्याच्या पिठाला ज्वारी-उडीद, उन्हाळ्यात बिबड्यांना ज्वारी, गोठ्याला कडबा, सगळं एकाच शेतातून. मग कपाशी वाढली. २००२ नंतर बीटी आली आणि वाढतच गेली. मी कपाशीला नावं ठेवणार नाही. लग्न, दवाखाना, शाळेची फी, सगळं तिच्याच पैशातून झालं. पण पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, चुलीला चालतात, गोठ्याला नाही. म्हणजे कडबा विकत आला. २०१८ चा दुष्काळ पडला तेव्हा कडब्याचा भाव असा चढला की आमच्यासारख्या कितीतरी घरांनी बैलजोडी बाजारात नेली. एकाच आठवड्यात सगळेच विकायला निघाले की भाव काय मिळतो, ते वेगळं सांगायला नको.

बैल गेले म्हणजे काय गेलं? पाऊस पडला की काळ्या जमिनीत पहिल्या दिवशी पाय रुततो. दुसऱ्या, फार तर तिसऱ्या दिवशी वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ऊन असलं तर वरचा थर सुकून भेगा पडायला लागतात. म्हणजे काम करायला दोन दिवस मिळतात. दावणीला बैल असले तर घरचा माणूस पहाटे औत जुंपतो, काकऱ्या पाडतो, मागून बायका लावणी करतात. बैल नसले की ट्रॅक्टरवाल्याला फोन. त्याची स्वतःची शेती, मग त्याच्या भाऊबंदांची, मग रोख देणाऱ्यांची. माझा नंबर पाचव्या दिवशी. बी पडतं कोरड्यात, निम्मं उगवतं, वर पावसाचा खंड, आणि दुबार पेरणी. कपाशीच्या बियाण्याचं एक पाकीट नऊशेच्या घरात आहे, एकरी दोन-तीन लागतात, शिवाय मजुरी. मेमध्ये सुरतेहून आलेले पैसे पहिल्या लावणीतच संपलेले असतात. दुसऱ्या लावणीचे कुठून आणायचे? मायक्रोफायनान्सचा माणूस दर आठवड्याला गावात येतोच, त्याच्याकडून. गटाच्या वहीत जून-जुलैच्या पानांवर कर्जाचं कारण म्हणून मी जेवढ्या वेळा 'बियाणे' लिहिते, त्यातलं बरंचसं दुबारचं असतं.

बैलांबरोबर कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरवर हलवणं, तीही गेली. जुनी माणसं म्हणायची, एक कोळपणी अर्धं पाणी. पावसाचा खंड पडला की कोळपं फिरवायचं, भेगा बुजतात, ओल उडत नाही, पीक आठ-दहा दिवस जास्त तग धरतं. आता तणनाशक मारतात. तण मरतं, भेगा तशाच राहतात. हवामान बदलाच्या प्रशिक्षणात आम्हाला पडद्यावर मल्चिंग पेपर दाखवला होता. छान होता. फक्त कोळप्याचं काम तो करतो, एवढं सांगितलं असतं तर आमच्या सासूबाईंनाही कळलं असतं.

त्या सासूबाई बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतात. तेव्हा खायला नव्हतं, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडीवर दिवस काढले, खडी फोडायला गेल्या, पण विहिरीला पाणी होतं. आता रेशनवर धान्य मिळतं आणि विहिरीचा तळ दिसतो. त्या दुष्काळातून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. म्हणजे घरांवर पडलेला बोजा कधीकाळी सरकारने आपला मानला होता, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता सुरतेविषयी. भुसावळ-सुरत लाइनवर नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा अशी आमची स्टेशनं. या लाइनने आमच्या तालुक्याला जेवढं जगवलं तेवढं कुठल्याही योजनेने नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. उधना, लिंबायतला जा, गल्लीगल्लीत अहिराणी ऐकू येईल. महिन्याचा पगार येतो म्हणून बियाणं येतं, खत येतं. साक्री आणि नंदुरबारकडची आदिवासी घरं दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायको मिळून ऊसतोडीला जातात, उचल आधीच घेतलेली असते. तिकडची गोष्ट आमच्यापेक्षा कठीण आहे, कारण लेकरंही सोबत जातात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे, पण ते टोळ्या निघायच्या आधी सुरू झालं तरच उपयोग. गाडी गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहात कोण राहणार?

माणूस बाहेर आणि शेत बाईच्या हाती, अशी आता निम्मी घरं आहेत म्हटलं तरी आमच्या गावात कुणी मला खोटं ठरवणार नाही. पण कागदावर ती बाई नाही. सातबारा सासऱ्यांचा, फोन नंबर नवऱ्याचा. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढायला केंद्रावर गेले तर ओटीपी सुरतेला गेला. लूमच्या आवाजात फोन वाजलेला ऐकू येत नाही. यांनी जेवणाच्या सुट्टीत पाहिला, आकडे सांगितले, तोवर मुदत संपलेली. सासऱ्यांचा नंबर टाकायचा तर ते फोन वापरत नाहीत. केंद्रावरच्या मुलाची चूक नव्हती, तो बिचारा तीनदा प्रयत्न करून थकला. लक्ष्मी मुक्ती योजनेतून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं, पण नवऱ्याच्या नावावर जमीन असेल तर. आमच्याकडे तीच अजून सासऱ्यांची आहे. म्हणजे शेत सांभाळणारी बाई पीककर्जाला चालत नाही, नुकसानीच्या पंचनाम्यात सहीला चालत नाही, फक्त निंदणीला चालते.

योजना नाहीत असं मी म्हणत नाही. ठिबकला राज्याचं पूरक अनुदान धरून लहान शेतकऱ्याला ८० टक्क्यांपर्यंत मिळतं. पण ठिबकच्या आधी पाणी लागतं आणि अनुदान येईपर्यंत खिशात पैसे लागतात. ज्याच्याकडे दोन्ही आहे तो तापीकाठचा केळीवाला ठिबक बसवतो, बसवावंच. माझ्या विहिरीत दिवाळीनंतर पाणी नसताना मी नळ्या कुणाला दाखवू? शेततळ्याचंही तसंच. तापी आमच्या तालुक्याच्या उत्तरेने भरून वाहते, दक्षिणेकडची गावं टँकरची वाट पाहतात. सुलवाडे-जामफळ उपसा सिंचन योजनेचं भूमिपूजन २०१९ च्या फेब्रुवारीत थेट पंतप्रधानांच्या हस्ते झालं. पाणी येईल तेव्हा आनंदच आहे. तोपर्यंतचं बोलू.

जागतिक बँकेच्या मदतीने राज्याने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, सुरू केला. हवामान बदलाला तोंड देणारी शेती हाच त्याचा हेतू. मराठवाडा, विदर्भ आणि आपल्याकडचा जळगाव जिल्हा त्यात घेतला. धुळे-नंदुरबार पहिल्या टप्प्यात नव्हते, दुसऱ्या टप्प्याच्या यादीतही नाहीत. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याची शीव ओलांडून धुळ्यात आलं की हवामान बदलत नाही, एवढं मला शाळेत न जाताही कळलं असतं. जे राज्याने केलं नाही ते जिल्हा योजनेतून थोडंफार तरी करता येतं, म्हणून हे पत्र मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

विम्याचं तर काय सांगावं. २०२३ ला एक रुपयात विमा आला, लोकांनी काढला. २१ दिवसांचा पावसाचा खंड पडला तर २५ टक्के आगाऊ रक्कम मिळायची तरतूद होती. मिळायला भांडावं लागायचं, पण होती. २०२५ च्या खरिपापासून रुपयाही गेला आणि ती तरतूदही गेली. आता हप्ता आपला भरायचा आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे ऑगस्टात पीक वाळलं तर दुसऱ्या पेरणीला काही नाही, कापणी होऊन आकडे लागेपर्यंत थांबायचं. बोगस अर्जांमुळे बदल केला म्हणतात. बोगस होते हे खरं आहे, आम्हीही ऐकून आहोत. पण पावसाचा खंड बोगस नव्हता.

दुष्काळ ठरवताना एकक तालुका असतो. २०२३ ला आरडाओरड झाली तेव्हा पुढे हजाराहून जास्त महसूल मंडळांची वेगळी यादी निघाली. मंडळाचं हवामान केंद्र एक, गावं कितीतरी. आमच्या गावात नांगरटीचा पाऊस पडतो तेव्हा तीन कोसांवर धूळ उडत असते. पाऊस बांधावरून जातो म्हणतात ते उगाच नाही.

माझं माहेर पांझरेकाठचं, साक्री तालुक्यातलं. तिथल्या फडांचं पाणी मी लहानपणापासून पाहिलं. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. तीन-चारशे वर्षांची ही रीत. कोणत्या फडात यंदा काय लावायचं हे हंगामाआधी सगळे मिळून ठरवायचे, एका फडात एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड पाण्यावाचून ठेवायचा. बहुतेकांची जमीन एकाहून जास्त फडांत असायची, म्हणून कोरड्या फडाचा तोटा कुणा एकाच्या डोक्यावर बसत नसे, सगळ्यांना थोडा थोडा लागायचा. भांडणं व्हायची, वडिलांना पंचांत बसून शिव्या खाताना मी पाहिलंय. आता कितीतरी बंधारे गाळाने भरले आणि जो तो आपापला बोअर खोदतो. वर मुरूम, खाली काळा पाषाण, तीनशे फूट गेलं तरी धूळ. शेजाऱ्याचा लागला तर आपली विहीर बसते.

अधिकारी आम्हाला अभ्यास दौऱ्याला साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाला नेतात. चैत्राम पवारांनी आणि त्या गावाने तीस वर्षं जंगल राखलं, झरे जिवंत केले, २०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली, सगळं मनापासून नमस्कार करावा असं. शिरपूरला नेतात, भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी रुंद-खोल केलेले नाले दाखवतात. तेही बघण्यासारखं. पण आमच्या गावाला ना डोंगर ना जंगल, आणि शिरपूरच्या गाळाच्या जमिनीत मुरतं तसं पाणी आमच्या पाषाणात मुरत नाही. बारीपाड्यात झाडांपेक्षा मला तिथला दंड जास्त आवडला. कुऱ्हाड लावणाऱ्याला गावाने दंड करायचा आणि तो वसूलही करायचा. ते आम्हाला करता येईल. त्याला डोंगर लागत नाही.

तर मागणं असं आहे. जिल्हा वार्षिक योजनेतला पैसा मार्चअखेर धावपळीने खर्च होतो, आम्हाला तो मे-जूनमध्ये लागतो. नावीन्यपूर्ण योजनेच्या शीर्षाखाली काही रक्कम गावातल्या महिला गटांच्या ग्रामसंघाकडे फिरता निधी म्हणून द्या. ज्या गावात पावसाचा खंड पडून उगवण गेली तिथे पंधरा दिवसांत, बिनव्याजी, दुबारीसाठी. परतफेड कापूस विकल्यावर. बचत गटांसाठीच्या उमेद या सरकारी अभियानाची यंत्रणा गावोगाव आहे, नवीन कार्यालय उघडायची गरज नाही. पैसे बुडतील ही भीती असेल तर आमच्या वह्या तपासा. मायक्रोफायनान्सवाल्यांचे आम्ही बुडवले नाहीत, ते तर चांगलं व्याज घेतात.

कडब्यासाठी काही करा. दादर आणि बाजरी पेरणाऱ्याला थोडं प्रोत्साहन, गावात कडबा साठवायला एक शेड, आणि टंचाईत तो ठरलेल्या भावाने गावातच विकायचा नियम. भाड्याने अवजारं देणाऱ्या अवजार बँका आहेत, पण त्यांचा ट्रॅक्टर कुणाच्या दारात उभा असतो हे तुम्हीही जाणता. वाफशाच्या दोन दिवसांत पाच एकराच्या आतल्यांचा आणि एकट्या बायकांचा नंबर आधी, एवढी एक अट अनुदानाच्या करारात घाला. ती मोडली तर अनुदान परत. अटीवाचून दिलेला ट्रॅक्टर हा फक्त आणखी एक ट्रॅक्टर.

प्रत्येक ग्रामपंचायतीच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवा. आमच्या शाळेतली मुलं रोज सकाळी साडेआठला वाचून फळ्यावर लिहितील. विमा कंपनी ते मानणार नाही हे माहीत आहे, पण पुढच्या वेळी दुष्काळाची यादी करताना तुमच्याकडे एक आकडा तरी असेल. आणि शेत करणाऱ्या बाईला कुटुंबाच्या संमतीने तिच्याच फोनवर फार्मर आयडी, पीक पाहणी आणि पंचनामा करता यावा, यासाठी जिल्हाधिकारी साहेबांनी शिबिर लावावं. सासरे अंगठा द्यायला तयार आहेत. विचारलंय.

यासाठी मोठ्या समितीच्या दौऱ्याची गरज नाही. आमच्याकडे १ मेला ग्रामसभा असते, तेव्हा खरिपाचं बोलता येईल, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विहिरींची पातळी मोजून रब्बीत कोण काय लावणार ते ठरवता येईल, फडात ठरायचं तसं. दोन्ही दिवशी आपल्या नियोजन कार्यालयातला एक माणूस, ज्याला आकडे लिहून घ्यायचा अधिकार आहे असा, पाठवा. आमच्याकडच्या मेचं ऊन आपल्याला ठाऊकच आहे, म्हणून सभा सकाळी आठला ठेवू. चहा गटाकडून. सात वर्षांच्या कर्जाच्या वह्या मी टेबलावर आणून ठेवते.

आपली,
शिंदखेडा तालुक्यातली एक शेतकरी